खारं पाणी, गोडं पाणी आणि जिताडा

मे महिन्याच्या अखेरीस पणजीजवळ, मांडवीच्या मुखाशी घेतलेलं एक लिटर पाणी आटवलं, तर पस्तीस ग्रॅमच्या आसपास मीठ हाती लागतं. अरबी समुद्राच्या पाण्यात असतं, जवळजवळ तेवढंच. उन्हाळ्यात नदीला वरून पाणी नसतं, त्यामुळे प्रत्येक भरतीबरोबर समुद्र पात्रात शिरत राहतो आणि खारटपणा कित्येक किलोमीटर आतपर्यंत चढतो. मग पाऊस लागतो. सह्याद्रीवरून लोंढे उतरतात आणि थोड्याच दिवसांत त्याच पात्राचा वरचा भाग पूर्ण गोडा होऊन जातो. मुखाजवळ चित्र आणखी वेगळं असतं. वरून गढूळ गोडं पाणी समुद्राकडे वाहतं आणि त्याच्याखालून, तळालगत, जड खारं पाणी भरतीबरोबर आत येतं. होडीतला माणूस गोड्या पाण्यावर असतो आणि त्याच्या जाळ्याचा तळ खाऱ्यात. दोनापावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं मांडवी आणि झुआरीचा हा वार्षिक फेरा बारकाईनं मोजला आहे. पण वैतरणेपासून तेरेखोलपर्यंतची कोकणातली प्रत्येक खाडी कमीअधिक फरकानं याच फेऱ्यातून जाते.

खाडीतल्या माशांपुढे अशा वेळी दोनच वाटा असतात. पाण्यामागे जायचं किंवा पाण्यासारखं बदलायचं. पापलेट खाऱ्या पाण्याबरोबर बाहेर सरकतो. रोहू आणि कटला खाडीच्या खाऱ्या टापूत टिकतच नाहीत. पण बोय, काळुंदर, निवटी आणि या सगळ्यांत रुबाबदार असा जिताडा, ज्याला गोव्यात चोणक म्हणतात, हे मासे राहतात. जून असो की मे, जिताड्याला नदीही चालते आणि समुद्रही. हे त्याला जमतं कसं, हा प्रश्न वरवर साधा आहे. त्याचं उत्तर शोधायला मात्र विज्ञानाला जवळजवळ सगळं विसावं शतक लागलं.

मासा पाण्यात राहतो, म्हणजे त्याला पाण्याची ददात नाही, असं सहज वाटतं. खरी परिस्थिती उलटी आहे. हाडांचा सांगाडा असलेल्या बहुतेक सगळ्या माशांच्या रक्तातला खारटपणा समुद्राच्या साधारण एक तृतीयांश असतो. मासा समुद्रातला असो की नदीतला, हा आकडा फारसा हलत नाही, आणि हलला तर मेंदूपासून हृदयापर्यंत सगळं बिघडतं. पाण्याचा स्वभाव असा, की पातळ पडदा मध्ये असेल तर ते कमी खारट बाजूकडून जास्त खारट बाजूकडे ओढलं जातं. माशाला श्वास घ्यायचा तर असा पातळ पडदा पाण्यासमोर उघडा ठेवावाच लागतो, आणि तो म्हणजे कल्ला. ज्या वाटेनं प्राणवायू आत येतो, त्याच वाटेनं पाणी आणि मीठही ये-जा करतं. ही वाट बंद करता येत नाही.

त्यामुळे समुद्रातला मासा चोवीस तास सुकत असतो. कल्ल्यांतून त्याचं पाणी बाहेर ओढलं जातं आणि मीठ आत घुसतं. नदीतला मासा चोवीस तास फुगत असतो. पाणी आत शिरतं, मीठ झिरपून जातं. नदीतल्या माशानं आपली अडचण सरळ सोडवली आहे. तो पाणी जवळजवळ पीत नाही, भरपूर पातळ मूत्र टाकतो आणि हरवलेलं मीठ काही अन्नातून तर काही थेट पाण्यातून कल्ल्यांवाटे वेचून घेतो. समुद्रातल्या माशाचा प्रश्न जास्त अवघड. त्याला पाणी हवं, आणि आजूबाजूला आहे ते सगळं खारं.

न्यूयॉर्कचे शरीरशास्त्रज्ञ होमर स्मिथ यांनी 1930 मध्ये या प्रश्नाला हात घातला. समुद्राच्या पाण्यात एक रंग मिसळून त्यांनी त्यात ईल मासळी ठेवली. हा रंग आतड्यातून रक्तात शोषला जात नाही. काही वेळानं आतड्यात रंग साठलेला सापडला, म्हणजे मासा समुद्राचं पाणी चक्क पीत होता. रंग किती दाट झाला यावरून किती पाणी शोषलं गेलं तेही कळलं. प्यायलेल्या पाण्याचा बराच मोठा भाग शरीरात जात होता आणि त्याच्याबरोबर मीठही. मूत्र मात्र थोडं, आणि ते रक्ताहून जास्त खारट कधीच नव्हतं. मग हे मीठ जातं कुठे? स्मिथनी निष्कर्ष काढला की ते कल्ल्यांतून बाहेर पडत असलं पाहिजे. तो तर्क होता, पुरावा नव्हे.

पुरावा दिला अ‍ॅन्सेल कीज या तरुण अमेरिकन संशोधकानं. कोपनहेगनला नोबेल विजेते ऑगस्ट क्रो यांच्याकडे काम करताना त्यानं ईलचं हृदय आणि कल्ले यांची अशी मांडणी केली, की आतून वाहणारा द्रव आणि बाहेरचं पाणी दोन्ही वेगवेगळे मोजता येतील. कमी क्लोराइडच्या द्रवातून जास्त क्लोराइडच्या पाण्याकडे, म्हणजे ओढीच्या उलट दिशेनं, कल्ले क्लोराइड ढकलत होते. पुढे केंब्रिजमध्ये विल्मर या सहकाऱ्याबरोबर 1932 मध्ये त्यानं कल्ल्यांतल्या विशिष्ट पेशींकडे बोट दाखवलं आणि त्या पेशींचं नाव क्लोराइड पेशी पडलं. हाच कीज नंतर आहार आणि हृदयविकाराच्या संशोधनासाठी जगभर गाजला. भूमध्य सागरी आहाराची चर्चा आज घरोघरी होते ती बरीचशी त्याच्यामुळे. त्याचं माशांवरचं काम त्या कीर्तीखाली झाकलं गेलं, पण ते काही कमी मोलाचं नाही.

आता तो कल्ला जवळून पाहायला हवा. मासळी घेताना गिऱ्हाईक झाकण उचलून कल्ला लालभडक आहे ना ते बघतं. त्या लाल रंगाच्या कमानीवर केसांसारखे बारीक तंतू असतात आणि प्रत्येक तंतूवर दोन्ही बाजूंनी पातळ पापुद्र्यांची रांग. श्वासाचं काम पापुद्र्यांवर चालतं. क्लोराइड पेशी बहुतेक करून तंतूवर, पापुद्र्यांच्या मुळाशी असतात. समुद्रातल्या माशात ही पेशी मोठी, मायटोकॉन्ड्रियांनी ठासून भरलेली, आणि तिचं फक्त एक छोटंसं तोंड पाण्याकडे उघडं. त्या तोंडाशी एक खळगा असतो. मीठ बाहेर पडतं ते त्या खळग्यातून.

पेशीच्या आतल्या, रक्ताकडच्या बाजूला एक पंप अखंड चालू असतो. तो सोडियम बाहेर फेकतो, पोटॅशियम आत घेतो आणि त्यासाठी ऊर्जा जाळतो. डेन्मार्कचे जेन्स स्को यांनी 1957 मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंत हा पंप शोधला. त्यासाठी त्यांना 1997 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या पंपामुळे पेशीत सोडियम कमी राहतं, त्या ओढीवर स्वार होऊन क्लोराइड रक्तातून पेशीत येतं आणि खळग्याच्या बाजूच्या दारातून पाण्यात निसटतं. त्याच्या मागोमाग सोडियम दोन पेशींच्या मधल्या फटीतून बाहेर जातं. हे क्लोराइडचं दार म्हणजे सीएफटीआर नावाचं प्रथिन, आणि ते माणसातही असतं. माणसात त्याच्या जनुकात बिघाड झाला की सिस्टिक फायब्रोसिस हा आजार होतो, ज्यात मुलाच्या फुफ्फुसात चिकट स्राव साठतो आणि घाम नेहमीपेक्षा खारट होतो. ते जनुक 1989 मध्ये सापडलं. माशाचा कल्ला आणि लहान मुलाचं फुफ्फुस यांना जोडणारा हा धागा जीवशास्त्रातल्या सर्वांत विलक्षण धाग्यांपैकी एक आहे.

मीठ नक्की याच पेशीतून बाहेर पडतं, हे निर्विवाद सिद्ध व्हायला मात्र 1982 उजाडलं. फॉस्केट आणि शेफी या दोघांनी तिलापिया माशाच्या कल्ल्याच्या झाकणाचं आतलं अस्तर घेतलं, कारण त्यातही या पेशी असतात आणि ते सपाट पसरता येतं. त्यावरून एक अतिसूक्ष्म, थरथरणारी विद्युत् सुई फिरवली. सुई पेशीच्या तोंडावर आली की प्रवाह दिसायचा, बाजूला सरकली की नाहीसा व्हायचा.

पिण्याच्या पाण्याची गोष्टही कल्ल्याइतकीच सुरस आहे. खारं पाणी घशाखाली उतरताना अन्ननलिकाच त्यातलं मीठ आधी काढून घेते. तिथून मीठ रक्तात जाऊ शकतं, पाणी फारसं नाही. पातळ झालेलं हे पाणी पुढे आतड्यात शोषलं जातं. पाण्यातल्या कॅल्शियमचे आतड्यात कार्बोनेटचे पांढरे खडे बनतात आणि विष्ठेबरोबर पडतात. रॉड विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये अंदाज मांडला, की महासागरात तयार होणाऱ्या एकूण कार्बोनेटपैकी 3 ते 15 टक्के माशांच्या आतड्यातून येतं. तहान भागवता भागवता मासे समुद्राच्या रसायनशास्त्राला हातभार लावत असतात.

आता पुन्हा खाडीत. मेमध्ये मीठ बाहेर फेकणाऱ्या कल्ल्याला जूनमध्ये मीठ आत ओढायचं असतं. तंत्र उलटं फिरवायचं म्हणजे एक बटण दाबण्याइतकं सोपं नाही. खाऱ्या पाण्यातल्या पेशींचे खळगे काही तासांत आकसतात किंवा झाकले जातात. पेशींमधल्या फटी घट्ट होतात, आणि त्यासाठी पाण्यातलं कॅल्शियम कामी येतं. मग वेगळ्या दारांच्या, वेगळ्या पंपांच्या पेशी पुढे येतात. काही जुन्याच पेशी रूप बदलतात, काही नव्यानं तयार होतात. या सगळ्याला दिवस लागतात. तेव्हा महत्त्वाचा प्रश्न असा, की पाणी बदललंय हे माशाला कळतं कशानं, आणि किती लवकर?

जिभेला खारट चव लागते तशी एखादी एकच जागा माशात नाही. जाणीव शरीरभर विखुरलेली आहे. ईल गोड्या पाण्यातून समुद्राच्या पाण्यात सोडली की रक्तात काही बदल होण्याआधीच पाणी प्यायला लागते. जपानी संशोधक हिरानो यांनी सत्तरच्या दशकात दाखवलं, की हा झटपट प्रतिसाद पाण्यातल्या क्लोराइडला असतो. नाकात, कल्ल्यांत, मूत्रपिंडात कॅल्शियम ओळखणारी प्रथिनं असतात. समुद्रात कॅल्शियम नदीपेक्षा पुष्कळ जास्त, त्यामुळे त्यावरूनही पाणी कुठलं याचा पत्ता लागतो. आणि सर्वांत मूलभूत जाणीव तर प्रत्येक पेशीलाच असते. भोवतालचा द्रव पातळ झाला की पेशी फुगते, दाट झाला की आकसते.

या फुगण्याचा उपयोग शरीर कसं करतं, हे तिलापियानं दाखवून दिलं. मोझांबिकचा हा मासा भारतात 1952 मध्ये आणला गेला आणि पुढे आपल्या तळ्या-धरणांत इतका पसरला की तो देशी माशांना नकोसा पाहुणा ठरला. प्रयोगशाळेला मात्र तो वरदान आहे. त्याच्या मेंदूखालच्या पियूषिका ग्रंथीत प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पेशी एकाच भागात, जवळजवळ निर्भेळ, एकत्र असतात. त्या बाहेर काढून काचपात्रात ठेवता येतात. हवाई विद्यापीठात गॉर्डन ग्राऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भोवतालचा द्रव थोडा पातळ केला. पेशी फुगल्या, त्यांच्या पडद्यावरची ताणानं उघडणारी दारं उघडली, कॅल्शियम आत धावलं आणि काही मिनिटांत प्रोलॅक्टिन बाहेर पडलं. मेंदूचा हुकूम नाही, मज्जातंतूचा निरोप नाही. रक्त किंचित पातळ झाल्याची खबर पेशीनं स्वतःच घेतली आणि स्वतःच पुढे दिली.

प्रोलॅक्टिन हे नाव आईच्या दुधाशी जोडलेलं. माशात त्याचं काम काय, याचं उत्तर 1959 मध्ये ग्रेस पिकफर्ड आणि फिलिप्स यांनी दिलं होतं. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या खाजणांत किलीफिश नावाचा बोटभर मासा असतो, गोड्या-खाऱ्या दोन्ही पाण्यांत जगणारा. त्याची पियूषिका काढून टाकली तर तो समुद्राच्या पाण्यात जगायचा, पण गोड्या पाण्यात काही दिवसांत मरायचा. प्रोलॅक्टिनचं इंजेक्शन दिलं की गोड्या पाण्यातही तरायचा. सस्तन प्राण्यात दूध आणणारं संप्रेरक माशाचं मीठ राखत होतं. खाऱ्या पाण्याकडे जाताना मुख्य भार कॉर्टिसॉलवर असतो, ज्याला आपण ताणाचं संप्रेरक म्हणून ओळखतो. ते क्लोराइड पेशी वाढवतं आणि त्यांतले पंप वाढवतं.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि हीच गोष्ट माशांच्या खारटपणाविषयी बोलताना सर्वांत आधी सांगायला हवी, पण सहसा सांगितली जात नाही. ‘हा मासा अमुक खारटपणा सहन करतो’ असा आकडा पुस्तकांत असतो. तो किती दिवसांत तिथवर पोचला, हे नसतं. तिलापिया हळूहळू सवय लावली तर समुद्राच्या तिप्पट खारट पाण्यातही जगू शकतो. तोच तिलापिया गोड्या पाण्यातून थेट समुद्राच्या पाण्यात टाकला, तर काही तासांत मरतो. मधे एक दिवस अर्ध्या खारटपणाच्या पाण्यात ठेवला तर वाचतो. तेवढ्या एका दिवसात कल्ल्यांनी आपली तयारी केलेली असते.

शार्कनी वेगळीच वाट धरली आहे. त्यांच्या रक्तात युरिया इतका साठवलेला असतो, की रक्त एकूण समुद्रापेक्षा किंचित दाट होतं. त्यामुळे ते सुकत नाहीत. जास्तीचं मीठ गुदाजवळची एक ग्रंथी बाहेर टाकते. बहुतेक शार्कना याच कारणानं नदी मानवत नाही. अपवाद बुल शार्कचा. थॉमस थॉर्सन यांनी खुणेच्या पट्ट्या लावून सिद्ध केलं, की निकाराग्वाच्या सरोवरातले बुल शार्क सॅन ह्वान नदीवाटे कॅरिबियन समुद्रात ये-जा करतात. नदीत शिरताना ते युरिया कमी करतात, तरी रक्त गोड्या पाण्याच्या मानानं खूप दाट राहतं, आणि आत शिरणारं पाणी भरमसाट मूत्रावाटे काढावं लागतं. फेब्रुवारी 2024 मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत शार्कनं एका माणसाच्या पायाचा लचका तोडला, तेव्हा समुद्रापासून इतक्या आत शार्क आलाच कसा, असं लोकांनी विचारलं. तो बुल शार्क होता, हेच त्याचं उत्तर.

कल्ल्यांच्या तयारीला वेळ लागतो, हा मघाचा मुद्दा कोकणातल्या माणसाच्या कामांना थेट भिडतो. कोयना प्रकल्पाचं पाणी वीज तयार करून झाल्यावर सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरतं आणि वाशिष्ठी नदीवाटे चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जातं. पहिला टप्पा 1962 मध्ये सुरू झाला, तेव्हापासून हे चालू आहे. कृष्णा पाणीतंटा लवादानं पश्चिमेकडे वळवायला दिलेलं पाणी वर्षाला 67.5 टीएमसी, म्हणजे शेजारच्या नद्या कोरड्या पडतात त्या एप्रिल-मे महिन्यांतही वाशिष्ठीला पाणी असतं. या पाण्यानं चिपळूणचं भलं केलं आहे. पण खाडीच्या वरच्या अंगाला खारटपणाचं वेळापत्रक आता फक्त ऋतूनं ठरत नाही, विजेच्या मागणीनंही ठरतं. संध्याकाळी मागणी वाढते तेव्हा पाणी जास्त सुटतं. मोठ्या माशाला सरकायला जागा असते. तळाला चिकटलेल्या शिंपल्यांना आणि नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना ती नसते. नदीत पाणी किती सोडायचं याचा हिशोब आपल्याकडे होतो. ते किती वेगानं सोडायचं याचा हिशोबही त्याच कागदावर यायला हवा.

पिल्लांची बाजू खरोखर नाजूक आहे. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाला नीट तयार झालेले कल्लेच नसतात. तरीही ते तग धरतं, कारण क्लोराइड पेशी त्याच्या अंगावर आणि पोटाखालच्या बलकाच्या पिशवीवर पसरलेल्या असतात. तिलापियाच्या पिशवीवरच्या या पेशी पाणी बदललं की आपलं रूप आणि काम बदलतात, हे तोक्योतल्या संशोधकांनी पाहिलं आहे. कल्ले पुढे वाढतात आणि मग त्या पेशींचं काम तिकडे जातं.

जिताड्याच्या बाबतीत मात्र अंडंच अडतं. वाढलेला जिताडा तळ्याच्या गोड्या पाण्यात वर्षानुवर्षं मजेत राहतो, आणि पेण-अलिबागच्या खारेपाटात शेतकऱ्यांनी याचाच फायदा घेतला आहे. बांधाच्या आतल्या तळ्यांत खाडीतली पिल्लं आणून सोडायची आणि ती दोन-चार किलोची झाली की काढायची, ही तिथली जुनी रीत. पण त्या तळ्यात जिताड्याची वीण कधी होत नाही. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. ही मोठी मादी अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे जाते, जिथे पाणी जवळजवळ समुद्राइतकं खारं असतं. तिची अंडी अशा पाण्यात तरंगतात. पाणी गोडं झालं की बुडतात आणि वाया जातात. आईचं शरीर गोड्या पाण्यात रुळू शकतं, अंडं नाही. म्हणून खाडी आणि शेत यांच्यामधली उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारं बांधातलं दार, कायमची बंद झाली, किंवा मुखाशी पिल्लांना आसरा देणारी कांदळवनं गेली, तर तळ्यात टाकायला पिल्लंच उरत नाहीत.

चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेनं 1997 मध्ये जिताड्याची बंदिस्त जागेत वीण करून दाखवली, तेव्हापासून बीज मिळण्याचा दुसरा रस्ता खुला झाला. तिथे अंडी आणि कोवळी पिल्लं समुद्राच्या पाण्यात वाढवतात. गोड्या पाण्याच्या तळ्यासाठी पिल्लं द्यायची असतील, तर ती महिन्याभराची झाल्यावर टाकीत रोज थोडं थोडं गोडं पाणी मिसळत खारटपणा शून्यावर आणतात. घाई केली तर मर होते. नर्सरीतला कामगार रोज सकाळी खारटपणा मोजणाऱ्या मापकाच्या काचेवर पाण्याचा थेंब टाकून आकडा बघतो आणि पिल्लांचं पोहणं, खाणं नीट आहे असं दिसलं, तरच त्या दिवशीचं गोडं पाणी सोडतो.